काठोकाठ कप

किसन खरातनं सुनंदाचं डोकं दाराच्या चौकटीवर दुसऱ्यांदा आपटलं, तेव्हा मी समोरच्या खोलीत भाताची पेज गाळत होते. पहिल्या आवाजाला मला वाटलं गॅसचा सिलिंडर पडला. दुसरा आवाज हाडाचा होता. हाडाचा आवाज मला कळतो, जन्मभर मटण तोडलंय. पातेलं फडक्यानं धरलेलंच होतं, ते तसंच घेऊन मी त्यांच्या दारात गेले.

सुनंदा गुडघ्यांवर पडली होती. तिचे केस खरातच्या डाव्या मुठीत होते. त्या हाताला दोन बोटं कमी आहेत, तरी पकड सुटत नव्हती. उजव्या हातानं तो तिच्या तोंडात लाडू कोंबत होता.

"खाय," तो म्हणत होता. "मले चारला ना? आता तू खाय. सगळा डबा खाय."

तिच्या तोंडातून लाडू आणि रक्त एकदमच बाहेर येत होतं. ती ओरडत नव्हती, कारण ओरडायला तोंडात जागा नव्हती. डोळे पांढरे झाले होते.

मी त्याला हाक मारली नाही. हाकेनं थांबणारी माणसं वेगळी असतात. उकळती पेज भातासकट मी त्याच्या पाठीवर ओतली.

तो बैलासारखा हंबरला आणि वळला. पातेलं माझ्या हातातून हिसकावून त्यानं माझ्याच हातावर हाणलं. मनगट मोडलं ते मला तेव्हा दुखलं नाही. फक्त हात माझ्या मनाप्रमाणे हलेना, एवढं कळलं. पण सुनंदाचे केस त्यानं सोडले होते, आणि मला तेवढंच हवं होतं.

ही भर दुपारची गोष्ट. उन्हाळ्यात बहरीनला दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवतात, म्हणून माणसं खाली मेसमध्ये होती. नाहीतर आज हे लिहायला मी नसते.

किसन खरात कोण, ते आता सांगते. मी चौथीपर्यंत शिकलेय, त्यामुळे जसं झालं तसंच सांगता येतं, सजवता येत नाही. तो चांगला माणूस होता असं मी लिहिणार नाही. पण त्याला विसरणं मला जमलं नाही, हेही खरं.

सलमाबादला कंपनीच्या गोदामामागे आमची इमारत. खाली मेस, वर माणसांच्या खोल्या, आणि पहिल्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या कुटुंबवाल्यांच्या. एकीत मी आणि माझा मुलगा प्रकाश. तो कंपनीत स्टोअरकीपर आहे. मेस माझ्या नवऱ्याची होती, तो गेल्यावर मी चालवते. समोरच्या खोलीत खरात आणि त्याची बायको सुनंदा. दोघं बुलढाण्याकडची, मेहकरजवळच्या खेड्यातली.

खरात फोरमन होता. मोठं लोखंड क्रेननं उचलायचं, त्याला पट्टे बांधायचे, आणि खाली उभं राहून क्रेनवाल्याला हातानं खुणा करायच्या, हे त्याच्या टोळीचं काम. बुटका माणूस, मान जाड, कपडे रोज इस्त्रीचे. जेवताना कधी बसायचा नाही. ताट हातात घेऊन उभ्यानं जेवायचा आणि चव घेण्याआधीच मीठ टाकायचा. "मावशी, तुही भाजी अळणी नसते, मले म्हाइत हाये," म्हणायचा, आणि तरी टाकायचा.

त्याला एक खोड होती. समोर दिसेल ते ओढून बघायचा. फाटक असो, जिन्याचा कठडा असो, माझी कपडे वाळत घालायची दोरी असो, जाताना एक हिसका द्यायचाच. दोरी दोनदा तुटली. मी शिव्या दिल्या तर म्हणाला, "आज कपडे पडले. उद्या त्याच दोरीवर माणूस लटकला असता तर?"

"माझ्या दोरीवर माणूस कशाला लटकेल, मेल्या?"

"भरोसा नाही मावशी," असं म्हणून त्यानं स्वतःच नायलॉनची दोरी आणून बांधली. ती अजून आहे.

आणि त्याचा चहा. उन्हाळ्यात माणसं उजाडता उजाडता कामावर निघतात. निघण्याआधी टोळीतल्या प्रत्येकाला मी स्टीलच्या कपात चहा द्यायचा, तो काठोकाठ. जरा कमी भरला तर खरात माझ्याकडे डोळे वटारायचा. माणसानं तो कप घेऊन काउंटरपासून दारापर्यंत चालत यायचं आणि खरातसमोर हात लांब करून धरायचा. गरम कप, हात लांब. खरात कपाकडे बघत राहायचा. थेंब सांडला नाही तर म्हणायचा, "पी. जा." सांडला तर थप्पड. नुसती नाही, कानाखाली, आवाज मोरीपर्यंत यायचा. मग त्या माणसाला त्या दिवशी लोखंडाखाली जायला मिळायचं नाही, गोदामात झाडू मारायचा.

"हात हालला की माणूस मेला," हे तो रोज म्हणायचा. रात्री कोण कुठे काय पिऊन आला, कोणाचं बायकोशी फोनवर भांडण झालं, कोण झोपला नाही, हे तो कधी विचारायचा नाही. कप सांगायचा.

केरळचा जोसेफ त्याच्या टोळीत होता, मवाळ, देवभोळा. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणायचा, "मौसी, कप थोडा कम भरो ना. अल्ला, येशू, सबका पुण्य मिलेगा."

"अरे, तो बघतोय. मग मलाही थप्पड मिळेल."

एकदा जोसेफचा चहा अर्धा सांडला. खरातनं त्याला अशी मारली की तो भिंतीवर जाऊन आदळला आणि खाली बसला तो उठेचना. अंगाला हात लावला तर तापानं पोळत होता. खरातनं त्याला खांद्यावर टाकलं, पिकअपमध्ये घातलं आणि सलमानियाच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दिवसभर तिथे उभा राहिला. नर्सनं बसायला सांगितलं तर म्हणाला, मी बसत नाही. संध्याकाळी येऊन मला म्हणाला, "मावशी, त्याले पेज कर. मीठ कमी टाक." माफी मागितली नाही. जोसेफलाही ती नको होती असं मला वाटलं, कारण बरा झाल्यावर तोच दुसऱ्यांना सांगायला लागला, "फोरमन ने मारा, इसलिए मैं बच गया." मला हे काही पटलं नाही. ताप होता हे मारण्याआधी हात लावूनही कळलं असतं.

बोटांची गोष्ट अशी. बबन म्हणून एक माळकरी होता टोळीत, साताऱ्याकडचा, गळ्यात तुळशीची माळ. लोखंडी पाइपांचा गठ्ठा वर चढत होता, पट्टा सरकला, गठ्ठा फिरला आणि बबन खाली. खरातनं बबनला लाथ घातली, खरी लाथ, पोटात, आणि तो लांब फेकला गेला. पाइप खरातच्या हातावर आला. मला हे प्रकाशनं सांगितलं. पुढचं मी पाहिलं. खरात स्वतःच्या पायानं मेसमध्ये आला, हेल्मेट उलटं धरून. हेल्मेटमध्ये दोन बोटं. हाताला कोणाचा तरी शर्ट गुंडाळलेला, त्यातून रक्त टपकत होतं.

"मावशी, बर्फ दे. आणि तुह्या फ्रीजरमध्ये ठेवू नको बोटं. बांगड्यात मिसळली तर पोट्टे तळून खातील."

मी बर्फ दिला. हेल्मेट धरलेला त्याचा हात जरासुद्धा हलला नाही. 

बोटं काही बसली नाहीत. पण बबन तेव्हापासून त्याच्या पाया पडायचा. खरात त्याला म्हणायचा, "पाया पडू नको. पट्टा नीट बांध." आणि टाळक्यात मारायचा.

असा माणूस घरी काय करत असेल, ते सांगायला नको. भिंत पातळ होती. सुनंदा सकाळी माझ्याकडे कोथिंबीर मागायला यायची तेव्हा कधी ओठ सुजलेला, कधी हात वर होत नसायचा. भाजीत मीठ जास्त झालं, दार उशिरा उघडलं, फोन कोणाचा होता, काहीही निमित्त पुरायचं. पोटातलं एक मूल त्याच्या लाथेनं गेलं होतं, हे तिनंच सांगितलं, कोथिंबीर निवडता निवडता. नंतर राहिलं नाही. सकाळी तोच खरात खाली येऊन स्वतःचा कप भरून घ्यायचा, हात लांब करायचा. थेंब सांडायचा नाही. रात्री त्या हातानं काय केलं होतं, ते कप सांगायचा नाही.

पोलिसांत जा म्हणून मी तिला दोनदा सांगितलं. म्हणाली, "मग व्हिसा मावशी? त्याचा गेला की माझाही गेला. गावाला सासू त्याच्याहून वाईट हाये."

पण वर्षातून एक महिना सुनंदा सुखात असायची. रजेचा. रजा जवळ आली की ती गाणं गुणगुणायची. मला नवल वाटलं, कारण एवढा मार खाणारी बाई नवऱ्याबरोबर महिनाभर एका घरात राहायला खूश कशी? मी विचारलं.

"तिथं ते ओढतात," ती म्हणाली.

"काय ओढतो?"

"गांजा. गावाबाहेर गोसाव्याचा मठ हाये. संध्याकाळी जातात, चिलीम ओढून येतात. मग काही बोलत नाहीत. हसतात. भूक लागते, चार-पाच भाकरी खातात आणि निजतात. मागच्या रजेत मले बांगड्या भरायला घेऊन गेले, मावशी. बाजारात हात धरून."

ती हे सांगताना लाजली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. गांजा वाईट, हे मला शाळेत शिकवलं नाही पण आईनं शिकवलं. तरी त्या दिवशी मला वाटलं, ओढू दे मेल्याला.

बहरीनमध्ये तो शिवत नव्हता. इथे पकडलं तर तुरुंग, मग घरी रवानगी आणि परत यायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक. बाकी काही असो, काम त्याला जिवापेक्षा प्यारं होतं. टोळी ही त्याची होती, क्रेन त्याची होती. गावात तो कोणी नव्हता.

मग लघवीची तपासणी आली. मोठ्या कारखान्याचं काम कंपनीला मिळालं होतं आणि त्या कारखान्याची अट होती की माणसं नशा करत नाहीत ना, हे तपासून पाठवा. अदलियाच्या ऑफिसातून नेहा मॅडम समजवायला आल्या. पुण्याची मुलगी, साधी, बोलायला चांगली. मेसमध्ये माणसं बसवली आणि त्यांनी सांगितलं की कधीही, कोणालाही बोलावतील, आणि रजेवरून आलेल्या प्रत्येकाची होईलच.

बबननं हात वर केला. "मॅडम, कोणी शेजारी उभं असलं की मला होत नाही."

"नळ सोडून ठेवू, बबनभाऊ."

"नळानं होत नाही, मॅडम. फोरमनला बाहेर पाठवा, मग होईल."

सगळे हसले. खरातसुद्धा हसला, मग बबनच्या टाळक्यात मारली. मग तो उभा राहिला, म्हणजे तो उभाच होता, पुढे आला.

"मॅडम, एक विचारतो. रजेवर गावात कोणी काही घेतलं, महिन्याभरानं इथं आला, हात साफ हाये, डोकं साफ हाये. तरी मशीन पकडीन?"

"कधी घेतलं ते मशीनला कळत नाही, खरात. शरीरात आहे की नाही एवढंच कळतं. गांजा बरेच दिवस राहतो."

"मंग हात कोन पाहीन?"

"हात कोणी बघत नाही. रिपोर्ट बघतात."

"रजेवर माझं काय ते कंपनीचं काय काम?"

मॅडम म्हणाल्या, "मलाही कधी कधी वाटतं, खरात. पण इथे हा कायदा आहे. पॉझिटिव्ह आलं की नोकरी खलास, आणि पोलिसांना कळवावं लागतं. माझ्या हातात काही नाही."

 जाताना खरातनं मेसच्या दाराला हिसका दिला. त्या रात्री सुनंदाला मार पडला, कशावरून ते मला कळलं नाही.

रजा आली. चिलमीपेक्षा काम मोठं, हे खरातनं ठरवलं होतं. मठाकडे गेला नाही. गोसावी स्वतः घरी आला बोलवायला, तर त्याला दारातून हाकलला. आणि सुनंदाचा सुखाचा महिना गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं तिचा दात पाडला, सासूसमोर. पुढे एकदा चुलीतलं जळकं लाकूड फेकून मारलं. गावात त्याला ना क्रेन, ना टोळी, ना चिलीम. सगळा वेळ तो घरात, आणि घरात ती.

मग तिनं जे केलं ते केलं. बाजारात वैदू बसतो, त्याच्याकडे काळी गोड गोळी मिळते. गॅसवर, पोटावर म्हणून विकतात. आत भांग असते, सगळ्या तालुक्याला माहीत. म्हातारे दुधाबरोबर घेतात आणि झोपतात. सुनंदानं ती गोळी कुटून डिंकाच्या लाडवात घातली. खरातला डिंकाचे लाडू आवडत. त्यानं खाल्ला, दुसरा मागितला, जेवला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी तिला म्हणाला, "आई कुठं गेली? तू बस जरा जवळ."

रजा संपली तेव्हा ती लाडवांचा डबा घेऊन आली. विमानतळावर पकडली असती तर तिचं काय झालं असतं, ते तिला समजत होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. मला आधी लाडूच कळले नव्हते. तिच्याकडे गेले, डबा उघडा होता, मी एक उचलला, तर तिनं माझ्या हातातून काढून घेतला. मला राग आला.

"लाडवासाठी एवढं?"

"मावशी, तो नका खाऊ. तो त्यांच्यासाठीचा हाये." आणि मग दार लावून तिनं सांगितलं.

"फेक संडासात," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. त्याची तपासणी आहे ना?"

"त्यानं ओढला कुठं? गोळी तर पोटाची हाये. पोटाच्या गोळीला कोण पकडते?"

"भांग काय आणि गांजा काय, झाड एकच, सुनंदा."

तिनं डब्याला झाकण लावलं. मग म्हणाली, "फेकते. पण मंग तुम्ही येऊन निजा त्याच्याजवळ."

तिनं फेकले नाहीत. मी तिला तेव्हा दोष दिला नाही आणि आजही देत नाही.

ते थोडे दिवस खरात वेगळा होता. कामावरून आला की लाडू खायचा, मग खाली येऊन दोनदा वाढून घ्यायचा. "मावशी, आज भूकच भूक लागू राह्यली." मीठ न टाकता खाल्लं एकदा. मला हसून दाखवलं. सकाळी कप धरायचा, थेंब नाही. भिंतीपलीकडे शांत. एकदा सुनंदाचा हसण्याचा आवाज आला, मी भांडी घासायची थांबले.

त्याची तपासणी लागली तेव्हा तो छाती काढून गेला. रांगेत पहिला. जोसेफ घाबरला होता, कारण त्यानं खोकल्याचं औषध घेतलं होतं, त्याला खरात म्हणाला, "भिऊ नको. मी वर्षभर चिलीम पाह्यली नाही. देव बी मले पकडू शकत नाही. यल्ला, चल, बाटली दे."

रिपोर्ट आला त्या दिवशी त्याला अदलियाला बोलावलं. पिकअप प्रकाश चालवत होता, तो ऑफिसात बरोबर होता. त्यानं मला सांगितलं ते असं. नेहा मॅडमनी दार लावलं, रिपोर्ट पुढे केला. खरात आधी हसला. म्हणाला, दुसऱ्याची बाटली हाये. मॅडम म्हणाल्या, त्याच बाटलीतलं पुन्हा तपासलं, तेच आलं. तो मेलेल्या बापाची शपथ घेऊ लागला. मग टेबलाला असा हिसका दिला की कॉम्प्युटर खाली आला. मग एकदम हात खाली सोडून उभा राहिला.

"मॅडम, मी सोडली होती. तुम्ही सांगितलं म्हणून सोडली."

"खरात, मला वाटतं तुम्ही खरं बोलताय. पण मी काय लिहू?" मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं, असं प्रकाश म्हणतो. पोलिसांना कळवायला त्यांनी संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरवलं, त्यानं बायकोला सांगून घ्यावं म्हणून. चांगुलपणानं थांबल्या.

 परतताना गाडीत, सलमाबाद जवळ आलं तेव्हा खरातनं विचारलं, "प्रकाश, मी काय खातो?"

"मेसचं. आईच्या हातचं."

"अजून?"

"मला काय माहीत, फोरमन? घरी काय खात असाल ते."

"मले भूक लागू राह्यली होती," खरात म्हणाला. "मठात लागते तशी."

प्रकाशला त्याचा अर्थ कळला नाही. गाडी थांबली, खरात उतरला. फाटकाला हिसका न देता आत गेला. प्रकाश म्हणतो, ते पाहून त्याला कसंतरी वाटलं. तो गाडी लावून खाली मेसकडे गेला, माणसं जेवायला बसली होती. तेवढ्यात वरून पहिला आवाज आला.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे. मी पातेलं ओतलं, त्यानं माझं मनगट मोडलं, आणि तो पुन्हा तिच्याकडे वळला तेव्हा प्रकाश, बबन आणि जोसेफ वर पोहोचले होते. तिघांनी त्याला धरलं. सोपं नव्हतं. जोसेफचं नाक फुटलं. बबननं ज्याचे पाय धरले होते त्याच माणसाच्या पोटात गुडघा घातला, रडत रडत. प्रकाश धावत जाऊन गाडीतले लोखंड बांधायचे पट्टे घेऊन आला. कॉटच्या लोखंडी पायाला खरातला बसता बांधला, छातीवरून, दंडांवरून, गुडघ्यांवरून, जसा तो त्यांना शिकवायचा तसा. त्याच्या पाठीची सालं शर्टाला चिकटून निघत होती.

तो धापा टाकत होता. मग त्यानं अंगाला हिसका दिला, डावीकडे, उजवीकडे. ओढून बघितलं.

"बबन्या, डावा पट्टा ढिला हाये," तो म्हणाला. "सुटीन."

बबन म्हणाला, "हो, फोरमन," आणि डावा पट्टा आवळला.

मी सुनंदाच्या तोंडात बोट घालून लाडू बाहेर काढला, नाहीतर ती त्यातच गुदमरली असती. घशातून मोठा श्वास आला. जमिनीवर सांडलेलं सगळं एका हातानं गोळा केलं, डब्यातलं उरलेलं घेतलं, आणि सगळं संडासात टाकून पाणी सोडलं. डबा धुतला. खरात बांधलेल्या जागेवरून बघत होता.  मग ॲम्ब्युलन्स आली, पोलीस आले.

पोलिसांपुढे दुभाष्या हिंदी बोलणारा होता. गांजा कुठून आणला, कोणी दिला, हे त्यांनी खरातला फिरून फिरून विचारलं. तो एकच बोलला. छुट्टीत गावाला ओढला. मठात. बायकोला माहीत नाही.

टोळीतली माणसं म्हणतात, त्यानं तिला वाचवलं. बबन तर हात जोडतो. मी म्हणत नाही. तासाभरापूर्वी जो तिचं डोकं फोडत होता तो तिला वाचवायला निघाला, यावर माझा विश्वास बसत नाही. बायकोनं मला लाडवातून भांग चारली, मी महिनाभर गुमान खात होतो, हे चार पोलिसांपुढे बोलायची त्याला लाज वाटली असेल. किंवा दोन्ही असेल. मला ठरवायचं नाही. सुनंदानंही ठरवलेलं नाही, मी विचारून पाहिलं.

त्याला मी शेवटचा पाहिला तो सलमानियाच्या दवाखान्यात. मी प्लास्टर दाखवायला गेले होते, त्याला पाठीच्या पट्ट्या बदलायला आणला होता. बाहेरच्या लांब बाकाजवळ तो उभा, बसलेला नव्हता. हातांत बेड्या, शेजारी एक तरुण पोलीस. पोलिसानं मशीनमधून चहा आणला, दोन कागदी कप, आणि एक त्याच्या हातात दिला. मशीननं भरला होता तो, अगदी वरपर्यंत.

खरातनं दोन्ही हात लांब केले, बेड्यांसकट, आणि कपाकडे बघत राहिला. जसा माणसांच्या कपाकडे बघायचा तसा. पोलीस म्हणाला, "पी, पी." त्यानं ऐकलं नाही. थेंब सांडला नाही. मग प्यायला.

त्याची नजर माझ्याकडे गेली. माझ्या प्लास्टरकडे बघितलं.

"मावशी," म्हणाला. "जगली?"

"जगली."

त्यानं मान हलवली आणि रिकामा कप चुरगाळला. पोलिसानं दंड धरून त्याला आत नेलं. पुढे शिक्षा भोगून त्याला घरी पाठवला, असं ऐकलं. आता गावात आहे की कुठे, मला माहीत नाही, मी विचारत नाही.

टोळीला नवा फोरमन आला. तो चहा अर्धा कप मागतो. तपासणी सुरू आहे, बाटली घेऊन माणसं रांगेत उभी राहतात, रिपोर्ट चांगले येतात.

प्रकाशनं खटपट करून सुनंदाचा व्हिसा मेसच्या नावावर करून घेतला. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून हाक मारायची तर मी उजवीकडून मारते. माझं मनगट वाकडं जुळलं आहे, मोठं पातेलं मला उचलवत नाही, ते ती उचलते. सुनंदा जगली.